एक चमचा मीठ म्हणजे नेमकं किती? कोशर मीठ आणि साध्या मिठाचा हिशोब

पहिल्यांदा अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजली, तेव्हा मी पाककृतीतला शब्द न् शब्द पाळला होता. पाककृती अमेरिकी होती. '२ टेबलस्पून कोशर सॉल्ट चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा,' असं तिच्यात लिहिलेलं. कोशर मीठ घरात नव्हतं. शेवटी मीठ ते मीठ, असं म्हणून डब्यातलं रोजचं बारीक मीठ तेवढंच मोजून चोळलं. दुसऱ्या दिवशी कातडी सोनेरी, कुरकुरीत, बघत राहावी अशी. आणि पहिला घास तोंडात जाताच सगळ्यांचे हात पाण्याच्या ग्लासाकडे. पाककृती बरोबर होती, चमचाही बरोबर होता. त्या चमच्यात मीठ मात्र दुपटीने बसलं होतं.

कोशर मीठ म्हणजे काहीतरी जास्त शुद्ध, जास्त 'नैसर्गिक' किंवा कमी खारट मीठ, असा समज बराच पसरलेला आहे. दोन्ही मिठं म्हणजे सोडियम क्लोराइडच. फरक आहे तो कणाच्या आकारात आणि मिठात काय मिसळलंय त्यात. आकारामुळे चमच्यात किती मीठ मावतं ते बदलतं, आणि स्वयंपाकघरातले जवळपास सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

नाव कुठून आलं

'कोशर' हा हिब्रूतल्या 'काशेर' या शब्दाचा प्रचलित उच्चार. अर्थ: योग्य, चालणारं. ज्यू धर्मात रक्त खाणं निषिद्ध आहे, 'तोरा' या त्यांच्या धर्मग्रंथात तशी स्पष्ट आज्ञा आहे. त्यामुळे मांस शिजवण्याआधी त्यातलं रक्त काढून टाकण्याची एक ठरलेली रीत आहे. मांस आधी अर्धा तास पाण्यात भिजवतात, मग सगळ्या बाजूंनी मीठ लावून तासभर उतरत्या किंवा भोकं असलेल्या फळीवर ठेवतात, म्हणजे सुटलेलं पाणी साचत नाही, वाहून जातं. शेवटी मांस तीन वेळा धुतात. यकृतात रक्त इतकं असतं की त्याला हा उपाय पुरत नाही. ते आगीवर भाजावं लागतं.

या कामाला मीठ कसं हवं? फार बारीक असलं तर लगेच विरघळून मांसात शिरतं. फार जाड खडे असले तर घरंगळून खाली पडतात. मधल्या आकाराचं, मांसाला चिकटून राहणारं आणि धुतल्यावर निघून जाणारं मीठ हवं. तेच हे मीठ. म्हणजे खरं नाव 'कोशर करण्याचं मीठ' असायला हवं होतं; बोलण्याच्या ओघात मधला शब्द गळाला आणि मीठच 'कोशर' झालं.

नावाच्या या घोटाळ्यातून खरेदी करताना दोन चुका होतात. पुड्यावर वर्तुळातलं इंग्रजी 'यू' अक्षर किंवा तसंच एखादं प्रमाणचिन्ह दिसलं, की ते कोशर मीठ आहे असं लोकांना वाटतं. ते चिन्ह एवढंच सांगतं की हे उत्पादन ज्यू आहारनियमांत बसतं. साध्या बारीक मिठाच्या पुड्यावरही ते असू शकतं. दुसरी चूक महागात पडते. कोशर म्हणून विकली जाणारी कोंबडी मीठ लावून, धुऊनच दुकानात आलेली असते. तिला पुन्हा पूर्ण प्रमाणात मीठ चोळलं, तर माझ्यासारखी गत होते.

एकच पदार्थ, तीन आकार

साधं टेबल सॉल्ट बंद भांड्यात, हवेचा दाब कमी करून खारं पाणी आटवून बनवतात. त्यातून लहान, एकसारखे, भरीव चौकोनी ठोकळे मिळतात. ठोकळे एकमेकांना लागून बसतात, म्हणून चमचा गच्च भरतो.

अमेरिकेत कोशर मिठाची दोन नावं सगळ्यात जास्त चालतात, आणि ती एकमेकांसारखी नाहीत. हा मुद्दा कितीही वेळा सांगितला तरी कमीच. डायमंड क्रिस्टल हे १८८६पासूनचं, मिशिगन राज्यातल्या सेंट क्लेअर गावचं मीठ. ते अल्बर्गर नावाच्या पद्धतीने उघड्या भांड्यात आटवतात. पाण्याच्या पृष्ठभागावर पोकळ पिरॅमिडसारखे स्फटिक तयार होतात. बोटांनी दाबले तर ते चुरतात. मॉर्टनचं जाडं कोशर मीठ मात्र ठोकळ्यांना रुळांमधून चेपून केलेले पातळ, घट्ट पापुद्रे असतात. हात लावताच दोन्हींतला फरक कळतो: एक भुसभुशीत, दुसरं करकरीत.

आता आकडे. एका सपाट टीस्पूनमध्ये, म्हणजे ५ मिलीच्या चमच्यात:

डायमंड क्रिस्टल: सुमारे २.८ ग्रॅम
मॉर्टन कोशर: सुमारे ४.८ ग्रॅम
साधं टेबल सॉल्ट: सुमारे ६ ग्रॅम

'१ चमचा कोशर मीठ' असं लिहून ब्रँडचं नाव न देणारी पाककृती त्यामुळे अर्धवटच आहे. कोशरमधल्या कोशरमध्येच जवळजवळ पावणेदोन पटींचा फरक पडतो. अलीकडचे बरेच अमेरिकी पाककृतीलेखक म्हणूनच कंसात ब्रँड लिहितात. तसं काहीच लिहिलेलं नसेल तर मी आधी डायमंड क्रिस्टल धरून चालते. तिथल्या व्यावसायिक स्वयंपाकघरांत त्याचाच वापर जास्त आहे, आणि चूक झालीच तर पदार्थ अळणी होतो. अळणीला इलाज आहे.

पायरी पहिली: पुड्यामागचं बारीक अक्षर वाचा

तुमच्या हातातलं मीठ वरच्या तिघांपैकी नसेल तरी अडत नाही. पोषणमूल्यांच्या चौकटीत उत्तर असतं. अमेरिकी पुड्यांवर बहुधा पाव टीस्पूनचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं: ०.७, १.२ किंवा १.५. त्याला ४ने गुणा, झालं एका चमच्याचं वजन. ग्रॅम नसून फक्त सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलं असेल, तर त्या आकड्याला ३९३ने भागा. मिठाच्या वजनात सोडियम ३९.३ टक्के असतं, म्हणून हा भागाकार. पाव चमच्यात ५९० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. चमचाभर म्हणजे ६ ग्रॅम.

'कोशर मिठात सोडियम कमी' हा गैरसमज याच चौकटीतून जन्मतो. एकावर २८० आणि दुसऱ्यावर ५९० दिसलं की पहिलं आरोग्याला चांगलं वाटतं. पण मोजमाप चमच्याचं आहे. ग्रॅमला ग्रॅम लावलं तर सोडियम तितकंच. चवीसाठी कोशर मीठ दुप्पट चमचे घालाल, तेव्हा फायदा शून्य.

तिथेच घटकांची यादीही वाचून घ्या. साध्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॅल्शियम सिलिकेटसारखं द्रव्य असतं. आयोडीनयुक्त असेल तर पोटॅशियम आयोडाइड, आणि ते टिकावं म्हणून किंचित डेक्स्ट्रोज, म्हणजे चक्क साखर. डायमंड क्रिस्टलमध्ये मिठाशिवाय काही नाही. मॉर्टनच्या कोशर मिठात 'यलो प्रुसिएट ऑफ सोडा' दिसेल. हे सोडियम फेरोसायनाइड. नावातलं सायनाइड वाचून दचकायचं कारण नाही. ते लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की खाद्यपदार्थांत ठरावीक अल्प प्रमाणात त्याला परवानगी आहे.

पुड्यावर 'फाइन कोशर' लिहिलं असेल तर सावध. ते बारीक मीठच आहे, चमच्याच्या हिशोबात साध्या मिठाच्या जवळ जाणारं.

पायरी दुसरी: आपला चमचा, आपला काटा

छापील आकड्यांवर विसंबण्यापेक्षा एकदा स्वतः वजन करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण एक खाच आहे. घरातले बहुतेक काटे १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात; त्यावर ३ ग्रॅम आणि साडेतीन ग्रॅम सारखंच दिसतं. म्हणून एक चमचा मोजू नका. वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, १० सपाट चमचे टाका आणि आलेल्या वजनाला १०ने भागा. चमचा मिठात बुडवून भरायचा, दाबायचा नाही, ठोकायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. पापुद्र्यांचं मीठ दाबलं की चुरतं आणि आकडा फुगतो.

मग चवीची शंका फेडून घ्या. दोन ग्लासांत प्रत्येकी पाव लिटर पाणी. एकात अडीच ग्रॅम कोशर मीठ, दुसऱ्यात अडीच ग्रॅम साधं मीठ, दोन्ही पूर्ण विरघळवा. कोणाला तरी ग्लास अदलाबदल करायला सांगून डोळे मिटून चाखा. काही जणांना आयोडीनयुक्त मीठ बोटावर घेऊन चाटलं तर धातूसारखी चव लागते. या पाण्यात ती ओळखता येते का ते पाहा. मला नाही आली. मग हाच प्रयोग वजनाऐवजी प्रत्येकी अर्धा चमचा घेऊन करा. आता ओळखायला डोळे मिटायचीही गरज नाही.

पायरी तिसरी: अदलाबदल

वजनात लिहिलेल्या पाककृतीत काहीच बदलायचं नसतं. १८ ग्रॅम म्हणजे १८ ग्रॅम, मीठ कोणतंही असो. चमच्यात लिहिलेली असेल तर:

डायमंड क्रिस्टल २ चमचे = साधं मीठ सुमारे १ चमचा
मॉर्टन कोशर सव्वा चमचा = साधं मीठ १ चमचा
डायमंड क्रिस्टल पावणेदोन चमचे = मॉर्टन कोशर सुमारे १ चमचा

चिमूटभर मिठासाठी हा हिशोब करत बसू नका. प्रमाण वाढतं तसा तो महत्त्वाचा होतो. ४ लिटर पाण्यात १ कप कोशर मीठ घालून मांस बुडवून ठेवायला सांगितलं असेल, तर डायमंड क्रिस्टलचा कप सुमारे १३५ ग्रॅम, म्हणजे पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास खारं. तोच कप साध्या मिठाचा भरला तर जवळजवळ २९० ग्रॅम, म्हणजे सात टक्क्यांच्या वर. सारख्याच वेळेत एकातून रसाळ तुकडा निघेल, दुसऱ्यातून खारवलेला.

पायरी चौथी: कोंबडी, पुन्हा एकदा

कोशर मिठाचा खरा फायदा कुठे दिसत असेल तर मांसाला कोरडं मीठ लावून मुरवताना.

कोंबडी कागदाने आतून-बाहेरून पूर्ण कोरडी करा. वजन करा. हाडासकट वजनाच्या १ टक्का मीठ घ्या. १.८ किलोच्या कोंबडीला १८ ग्रॅम. डायमंड क्रिस्टलचे साडेसहाच्या आसपास चमचे, मॉर्टनचे पावणेचार, साध्या मिठाचे ३. कमी खारट खाणाऱ्यांनी पाऊण टक्क्यापासून सुरुवात करावी. कोंबडी कोशर असेल किंवा पाकिटावर मिठाचं पाणी भरल्याचा उल्लेख असेल, तर हा भाग सोडूनच द्या.

मीठ एका वाटीत काढून घ्या, म्हणजे मोजलेलं तेवढंच वापरलं जाईल आणि कच्च्या मांसाचा हात डब्यात जाणार नाही. कोंबडीच्या वर वीतभर नव्हे, चांगलं २५-३० सेंटिमीटरवरून बोटांनी भुरभुरवा. जवळून टाकलं तर एकाच जागी ढीग पडतो. छाती आणि मांडी जाड असतात, तिथे जास्त, पंखांवर नावापुरतं, थोडं पोटाच्या पोकळीत. इथे कणाचा आकार कामाला येतो. पोकळ, कोनाकोनांचे स्फटिक ओलसर कातडीला धरून राहतात, ठोकळे आपटून उडतात. शिवाय जाडसर मीठ कुठे पडलं, कुठे राहिलं ते डोळ्यांना दिसतं.

मग जाळीवर, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून १२ ते २४ तास. न झाकल्यामुळे कातडी सुकते आणि पुढे कुरकुरीत होते.

या काळात आत काय होतं हे ठाऊक असलं की वेळेचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं. त्या पाण्यात ते विरघळतं, पृष्ठभागावर दाट खारं पाणी साचतं. मग हळूहळू तेच पाणी मिठासकट आत मुरायला लागतं, आणि मीठ मायोसिन नावाच्या प्रथिनाची बांधणी सैल करतं. अशी सैल झालेली प्रथिनं शिजताना कमी आवळतात आणि पाणी धरून ठेवतात. ज्यू रीतीत तासाभरानंतर धुणं आहे, त्यामुळे बाहेर ओढलेलं वाहून जातं. आपण धूत नाही, थांबतो, म्हणून ते परत आत जातं. मीठ तेच, घड्याळ वेगळं.

यावरूनच स्टेकचा नियम निघतो. मीठ लावून १५-२० मिनिटांनी तवा तापवलात, तर ती सगळ्यात वाईट वेळ: पाणी बाहेर आलंय, परत आत गेलेलं नाही, आणि मांस भाजण्याऐवजी त्या पाण्यात वाफवलं जातं. लावायचं तर अगदी तव्यावर टाकताना, नाहीतर निदान ४० मिनिटं आधी.

कोंबडी धुवायची नाही. २२० अंश सेल्सियसला भाजा, मांडीच्या जाड भागात हाडाला न लागता तापमान ७४ अंश आलं की काढा. ताटलीत उतरलेला रस खारट असतो. त्याची ग्रेव्ही करणार असाल तर चाखल्याशिवाय वरून मीठ नको.

आणि जास्त पडलंच तर? रस्सा खारट झाला की बटाटा टाका, तो मीठ शोषतो, हा सल्ला सगळीकडे मिळतो. बटाटा खारं पाणी शोषतो, नुसतं मीठ नाही. उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. पाणी किंवा बिनमिठाचा जिन्नस वाढवणं हाच मार्ग.

बाकीच्या कामांना कोणतं

पास्त्याच्या पाण्यात, सूपमध्ये, जिथे मीठ पूर्ण विरघळणार आहे तिथे कोशर मिठावर पैसे घालवू नका. लिटरला १० ग्रॅम साधं मीठ पास्त्याला पुरतं.

पावात पिठाच्या २ टक्के मीठ, वजनाने. मळताना पाणी भरपूर असतं, त्यामुळे कोणतंही चालतं. बिस्किटं, कुकी अशा कमी पाण्याच्या कणकेत मात्र बारीकच बरं. जाडे पापुद्रे नीट विरघळत नाहीत आणि मधूनच खारट ठिपका दाताखाली येतो. काहींना तो आवडतो, तेव्हा तो वरून भुरभुरावा, कणकेत नाही.

पॉपकॉर्नवर कोशर मीठ वाया जातं. सगळं भांड्याच्या तळाशी सापडतं. तिथे जितकं बारीक तितकं चांगलं. मार्गारिटा या कॉकटेलच्या ग्लासाच्या कडेला मात्र उलट: बारीक मिठाचा थर जिभेला चटका देतो, जाडसर मीठ हवं.

कोबी आंबवून सावरक्राउट करायचं असेल तर वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ लागतं, आणि इथे चमच्याला अजिबात हात लावू नका. मीठ कमी पडलं तर नको ते जिवाणू वाढतात. साध्या मिठातल्या गुठळीरोधक द्रव्यामुळे पाणी गढूळ होतं, म्हणून या कामासाठी काही न मिसळलेलं लोणच्याचं मीठ मिळतं. ते नसेल तर डायमंड क्रिस्टल वजन करून चालतं.

मांस टिकवण्यासाठीचं गुलाबी क्युअरिंग सॉल्ट या सगळ्यांपासून वेगळ्या फडताळात ठेवा. त्यात सोडियम नायट्राइट असतं. ते जेवणातल्या मिठाऐवजी वापरलं तर विषबाधा होऊ शकते. रंग गुलाबी देतात तो ओळखू यावं म्हणूनच.

हाताची सवय

स्वयंपाकी लोक कोशर मिठावर जीव टाकतात त्याचं कारण चिमटीत आहे. जाडसर कण बोटांत पकडता येतात, सोडतानाही ताब्यात राहतात. बारीक मीठ बोटांमधून निसटतं, किती गेलं कळत नाही. तीन बोटांच्या १० चिमट्या वाटीत टाकून तोला, १०ने भागा. तुमची चिमूट किती ग्रॅमची ते समजेल. ही सवय एकदा एका मिठाची लागली की ब्रँड बदलताना आठवडाभर तरी जपून. माझा हात डायमंड क्रिस्टलला बसलेला होता. एकदा मॉर्टनचा डबा आणला, आणि दोन दिवस घरातलं प्रत्येक सूप खारट झालं.

आयोडीनचं काय

हा भाग स्वयंपाकाचे लेख बहुधा गाळतात. कोशर मिठात सहसा आयोडीन नसतं. अमेरिकी पुड्यावर तसं वाक्यही छापलेलं असतं. तिथल्या सरोवरांच्या पट्ट्यात, विशेषतः मिशिगनमध्ये, जमिनीत आयोडीन कमी असल्यामुळे गलगंडाचं प्रमाण इतकं होतं की त्या भागाला 'गलगंडाचा पट्टा' म्हणत. १९२४ साली मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ विक्रीला आलं आणि त्याच वर्षी ते देशभर पोचलं. गंमत अशी की आयोडीन नसलेलं डायमंड क्रिस्टलही त्याच राज्यातलं.

प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गर्भवतींना २२०, अंगावर पाजणाऱ्यांना २९०. अमेरिकी आयोडीनयुक्त मिठाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ४५ मायक्रोग्रॅम असतं. दूध, अंडी, समुद्री मासे नियमित खाण्यात असतील तर कोशर मिठाकडे वळून सहसा बिघडत नाही. हे काहीच खात नसाल किंवा घरात कोणी गरोदर असेल, तर रोजच्या शिजवण्यात आयोडीनयुक्त बारीक मीठच ठेवा आणि कोशर मीठ मांसाला चोळायला, वरून भुरभुरायला वापरा. तयार पाकिटातल्या पदार्थांतून आयोडीन मिळत असेल असं धरू नका. अमेरिकेत त्यांत बहुतेक साधं, आयोडीन नसलेलंच मीठ घालतात.

आमच्याकडे आता दोन डबे आहेत. बारीक मीठ झाकणाच्या बरणीत, कोशर मीठ रुंद तोंडाच्या भांड्यात, हात सहज आत जाईल असं. दोन्हींवर कागदी पट्टी चिकटवलेली आहे: एकीवर '१ चमचा = ६ ग्रॅम', दुसरीवर '१ चमचा = २.८ ग्रॅम'. नवा पुडा ओतताना पट्टीवरचा आकडा पुन्हा ताडून बघायचा.